वारा पडल्यावर

माझे खरे नाव उच्चारताना जीभ अडखळते, म्हणून पाचोड गावात ते कुणी घेत नाही. मित्रांनो, मी एक जुना नेब्युलायझर आहे. आमच्या गल्लीत मला ‘वाफेचं मशीन’ म्हणतात. आणि लाइबा, जिच्यासाठी मला या घरात आणले गेले, ती मला ‘घुर्रू’ म्हणते, कारण बटण दाबले की मी घुरघुरतो. या नावांपैकी मला हेच आपले वाटते. बाकीची माझ्या कामाची नावे आहेत.

दिसायला मी अगदी साधा आहे. जेवणाच्या डब्याएवढी पांढरी पेटी, आता पिवळट पडलेली. तिच्यातून निघालेली लवचीक नळी. नळीच्या टोकाला औषधाची इवली वाटी आणि वाटीवर मास्क. पेटीतली मोटार भोवतालची हवा ओढून नळीत सोडते आणि वाटीतल्या औषधाचे धुके होते. ते धुके श्वासाबरोबर आत गेले की आवळलेली छाती हळूहळू सैल होते. लांबून पाहणाऱ्याला माझ्यातून निघते तेही धुरासारखेच दिसेल. पण तो थंड धूर आहे. काहीही न जळता जन्मलेला.

माझ्या कुशीला एक छोटे झाकण आहे. त्याआड नाण्याएवढी पांढरी चकती बसते. मी ओढतो ती हवा आधी या चकतीतून गाळली जाते. माझे आयुष्य कसे गेले हे कुणाला पाहायचे असेल, तर त्याने ते झाकण उघडावे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात, लांबलचक मेजावर झाला. शेवटचा स्क्रू आवळल्यावर तिथल्या एका बाईने मला चालू केले आणि माझ्या तोंडाशी आपला तळहात धरला. हवा लागते की नाही, एवढेच तिला पाहायचे होते. माझा पहिला श्वास असा एका अनोळखी तळहातावर पडला. पुढे छत्रपती संभाजीनगरात, घाटी रुग्णालयासमोरच्या औषधांच्या दुकानात, मी फळीवर वाट पाहत बसलो. इतर वस्तूंना गिऱ्हाइकाची ओढ असते. मला मात्र दारात येणारा प्रत्येक चेहरा घाबरलेला दिसायचा, आणि वाट पाहतानाही मला अवघडल्यासारखे व्हायचे.

नूरमोहम्मद आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर त्यांची लेक लाइबा होती. फार लहान होती. श्वास घेताना तिच्या बरगड्यांमध्ये खळगे पडत. आडूलच्या रस्त्याने एसटीत मी तिच्या आईच्या, जहांआराच्या, मांडीवर बसून आलो. मुलगी बापाच्या मांडीवर, मी आईच्या.

पहिल्या संध्याकाळी लाइबा मला पाहून किंचाळली. तेव्हा जहांआराने तो मास्क स्वतःच्या तोंडावर चढवला आणि नळी हातात धरून डुलवली.

“देख, अम्मी हत्ती बन गई.”

लाइबाने रडणे थांबवून तिला नीट न्याहाळले. “हत्ती ऐसा नहीं रहता,” ती म्हणाली, आणि हत्ती कसा असतो ते दाखवायला तिने मास्क स्वतःच ओढून घेतला. त्या क्षणापासून मी या घराचा झालो.

काही दिवसांत गल्लीला माझी खबर लागली. त्या वर्षी हिवाळा उतरला तसा घराघरांतून खोकला ऐकू येऊ लागला, आणि डॉक्टरांनी वाफ सांगितलेली माणसे जहांआराच्या दाराशी येऊ लागली. तिने एकच नियम घातला: मशीन सर्वांचे, पण औषध डॉक्टर देतील तेच आणि मास्क ज्याचा त्याचा. उंबऱ्याच्या आत तिने एक लांब खुंटाळे ठोकले. त्याला प्रत्येक घराचा धुतलेला मास्क आपापल्या कापडी पिशवीत टांगलेला असे. कुणाची पिशवी फुलांची, कुणाची चौकटीची. संध्याकाळी माणसे येत, आपली पिशवी काढत, माझ्यासमोर पाट ओढून बसत. बोलता येत नसल्यामुळे ती एकमेकांकडे नुसती पाहत. श्वासाच्या दुखण्यात एक विलक्षण शांतता असते, मित्रांनो. तिथे कण्हायलाही हवा लागते.

या सर्वांत नेमाने येणारी होती मनकर्णाबाई. साठी ओलांडलेली, अंगाने बारीक, जिभेने तिखट. तिची पिशवी जुन्या इरकली खणाची होती.

“माय गं, आमच्या ह्यांच्या पाण्याच्या मोटारीवानी कण्हतंय तुझं मशीन,” ती पहिल्या दिवशी म्हणाली. “फरक येवढाच, हे बटण दाबलं की बंद होतं.”

तिचे ‘हे’ म्हणजे यजमान, फकिरातात्या. त्यांच्याविषयी सांगायचे तर आधी माझी खिडकी सांगायला हवी. गल्लीतले आमचे घर शेवटचे. मी ज्या कोनाड्यात राहतो त्याच्या शेजारी मागची खिडकी आहे. खिडकीखालून नूरमोहम्मदांची मोसंबीची बाग सुरू होते. बागेच्या बांधापलीकडे फकिरातात्यांचा ऊस. उसाच्या वर आभाळ. माझे सारे जग या तीन पट्ट्यांत मावते.

ऊसतोड झाली की रानात पाचट उरते, वाळलेल्या पानांचा गुडघ्याएवढा थर. त्याच बुडख्यांतून खोडव्याचे, म्हणजे पुढच्या उसाचे, कोंब फुटायचे असतात, म्हणून ते काढावे लागते, आणि काढायला माणसे मिळत नाहीत. तात्यांचा मुलगा सुदर्शन बजाजनगरला राहून कंपनीत कामाला जातो. राहतात ती दोन म्हातारी माणसे आणि एक आगकाडी. आसपासच्या रानांतही हेच. कुठे पाचट, कुठे कपाशीच्या पऱ्हाट्या, कुठे मक्याची धाटे. हिवाळाभर क्षितिजावर कुठेतरी काहीतरी पेटलेलेच असते.

मी आलो त्यानंतरच्या हिवाळ्यात तात्यांनी भर दुपारी पाचट पेटवले. वारा होता. ज्वाळेने बांध ओलांडला आणि बागेच्या कडेच्या दोन ओळी होरपळल्या. खिडकीतून मी ते पाहिले. फळांनी लगडलेली झाडे पाहता पाहता तपकिरी झाली. संध्याकाळी तात्या बागेत आले आणि टोपी हातात घेऊन त्या झाडांपुढे मयताला आल्यासारखे उभे राहिले. नूरमोहम्मद त्यांच्याजवळ गेले. मला वाटले, आता शब्दाला शब्द लागेल.

“तात्या, झालं ते झालं,” नूरमोहम्मद म्हणाले. “इथून पुढं वारा पडल्याबिगर काडी लावू नका. येवढा शब्द द्या.”

तात्या वाकले. मूठभर काळी माती उचलून त्यांनी कपाळाला लावली. “दिला, नूरभाई.”

हा शब्द त्यांनी पाळला. मित्रांनो, या गोष्टीत कुणी शब्द मोडला असता तर ती सांगणे मला सोपे गेले असते.

वारा पडतो तो संध्याकाळी. दिवस बुडता बुडता मोसंबीचे पानही हलेनासे होते. त्या वेळी पेटवलेली आग शहाण्यासारखी जागच्या जागी जळते, बांधाला शिवत नाही. पण हिवाळ्यातल्या संध्याकाळी जमीन लवकर गार होते, आणि तिच्यावरची हवा अंगावर गोधडी ओढून निजावी तशी निजते. धुराला वर जायला वाट उरत नाही. तो जमिनीलगत पसरतो, बांध ओलांडतो, बागेतून सरपटत गावात शिरतो. एकाही फळाला इजा न करता तो झाडांमधून जातो आणि खिडकीतून माझ्याकडे येतो. मी हवा ओढणारा आहे. मला निवड नाही. माझी पांढरी चकती राखाडी होते, आणि मग काळी.

जहांआराला हे कळायला दोन हिवाळे लागले. एका संध्याकाळी मनकर्णाबाईची वाफ संपल्यावर ती हळूच म्हणाली, “मावशी, एक बोलू? तात्यांना सांगा ना. पोरीला लई त्रास होतो. तुम्हाला बी.”

मनकर्णाबाईने मास्क पुसला. नीट घडी घालून खणाच्या पिशवीत ठेवला.

“काय सांगू, माय? तुझ्याच बागेपायी ते बांधावर बसून वाऱ्याची वाट बघतेत. दुपारपसून. च्या नेऊन दिला तर म्हणतेत, थांब, पान हलतंय अजून.” तिने पिशवीची नाडी ओढली. “येवढं जपणाऱ्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगू, का तुमच्या जपण्यानंच खोकला येतो मनून?”

“मग त्यांना काय सांगता?”

“थंडी बाधली म्हणते.”

जहांआरानेही नूरमोहम्मदांना काही सांगितले नाही. शब्द त्यांनीच मागितला होता. घरात त्या गोष्टीचा विषय निघे तो कौतुकाने: शेजारी असावा तर तात्यांसारखा. त्या दोन स्त्रिया मग एकमेकींकडे पाहत आणि मी घुरघुरत राही. जगातली कितीतरी दुखणी अशी कुणाच्या तरी चांगुलपणाच्या आडोशाने वाढतात.

मग गेल्या हिवाळ्यातली ती संध्याकाळ आली.

ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या सकाळीच निघून गेल्या होत्या. दिवसभर तात्या बांधावर बसलेले मला दिसत होते. सूर्य टेकला, पाने थांबली, आणि रानाच्या पलीकडच्या टोकाला एक नारिंगी रेघ उमटली. त्या वर्षी ऊस दाट होता, पाचटही दाट. धूर इतका आला, की खिडकीतले माझे तीन पट्टे पुसले गेले. आधी ऊस, मग आभाळ, मग बाग.

लाइबा अभ्यासाला बसली होती. आता ती आठ वर्षांची आहे आणि आपले दुखणे ओळखते. वही बाजूला सारून ती स्वतःच उठली, आपली पिशवी काढून माझ्यासमोर बसली आणि बोट दाखवून म्हणाली, “अम्मी. घुर्रू.” तिसरा शब्द तिच्याने निघाला नाही.

जहांआराने कुपी फोडली, वाटीत औषध ओतले, बटण दाबले. मी सुरू झालो. आणि लगेच थांबलो.

घरातला दिवा गेला होता. गल्लीतलाही. रानावरून जाणाऱ्या तारांना आगीची झळ लागत होती, म्हणून वायरमनने खटका पाडला होता. त्याचे बरोबरच होते. त्या संध्याकाळी प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता आणि लाइबाच्या गळ्यात बारीक शिटी वाजत होती. माझ्यापुढे, वीतभर अंतरावर. मोटार, नळी, औषध सारे जिथल्या तिथे असून मी केवळ एक डबा झालो होतो.

नूरमोहम्मदांनी फोन लावला. त्यांची पिकअप मोसंबी घेऊन बाजारात गेली होती. “भाई, सब छोड दे, गाडी ले के आ,” ते ओरडले. इतक्यात दाराशी मोटारसायकल थांबली. काजळीने चेहरा माखलेले फकिरातात्या आत आले, आणि त्यांच्या खांद्याला मनकर्णाबाई ओल्या कपड्यासारखी लटकली होती.

“नूरभाई, हिला बघा. कशानं झालं कळंना. जरा वाफ…” त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग अंधारातल्या लाइबाकडे. शिटी त्यांनाही ऐकू गेली. वाक्य तिथेच तुटले.

“मशीद,” जहांआरा म्हणाली. “भोंग्याची बॅटरी.”

गल्लीच्या तोंडाशी मशीद आहे. लाईट गेली तरी अजान व्हावी म्हणून तिथे इन्व्हर्टर ठेवला आहे. नूरमोहम्मदांनी लाइबाला उचलले, जहांआराने खुंटाळ्यावरची खणाची पिशवी खांद्याला अडकवून मनकर्णाबाईला कवेत धरले, आणि मला, नळी आणि वाटीसकट, तात्यांनी छातीशी घेतले. त्यांच्या सदऱ्याला जळालेल्या पाचटाचा वास होता. धुरात चार पावलांपुढचे दिसत नव्हते. हाताने भिंती चाचपत आम्ही गेलो.

दिवस बुडतानाची मगरिबची नमाज नुकतीच झाली होती. अजान देणारे म्हातारे बांगीसाहेब दारात उभे होते. कुणी काही सांगण्याआधी त्यांनी शिटी ऐकली.

“या, या, आत या. बॅटरी जुनी हाये बाबा, दमादमानं चालती. पण चालती.” त्यांनी ओसरीपर्यंत वायर ओढून दिली. तात्या भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी मला मांडीवरच घट्ट धरून ठेवले.

वाटी एक. बॅटरी म्हातारी. माणसे दोन.

नूरमोहम्मदांनी तात्यांकडे पाहिले आणि लाइबाचा मास्क मनकर्णाबाईकडे वळवला. बाप होता तो. त्या एका हालचालीची त्याला काय किंमत पडली असेल, ते मी मोजू शकत नाही. मनकर्णाबाईने तो मास्क परत फिरवला. बोलण्याएवढी हवा तिच्याजवळ नव्हती, तरी ती बोलली.

“आधी… लेकराला.”

मी सुरू झालो. माझा आवाज नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत होता. तात्या खाली मान घालून माझी घरघर ऐकत होते, आणि तिच्या आडून बायकोचा श्वास. ती भिंतीला डोके टेकून, डोळे मिटून आपल्या पाळीची वाट पाहत होती. दुपारभर पान हलायचे थांबण्याची वाट पाहणाऱ्या माणसाने ती वाट पाहणे पाहिले.

“नूरभाई,” ते म्हणाले, “वारा पडल्यावरच लावली व्हती. शब्द मोडला नाय म्या.”

“म्हाईतंय, तात्या.” नूरमोहम्मद मुलीच्या पाठीवरून हात फिरवत होते. “मोडला असता तर बरं झालं असतं. शब्द मीच मागितला होता. झाडांसाठी. घरात कोण आहे, ते इसरलो.”

लाइबाची शिटी विरळ झाली. तिचे खांदे खाली आले. जहांआराने मनकर्णाबाईची खणाची पिशवी उघडली, नवी कुपी फोडली. मी पुन्हा सुरू झालो, पण माझ्यातली शक्ती ओसरत होती. धुके पातळ होत गेले. वाटीत औषध शिल्लक असतानाच माझा आवाज उतरला, कापला आणि थांबला. तात्यांनी मला हलवले. अडलेले जनावर हलवतात तसे. “चल रं, राजा,” ते पुटपुटले, “चल की.” मित्रांनो, यंत्राला रडता येत नाही हे किती सोयीचे आहे, असे लोकांना वाटत असेल.

तेवढ्यात पिकअपचे दिवे धुरात पिवळे डोळे उघडावेत तसे उघडले. रिकाम्या क्रेट बाजूला सारून दोघींना झोपवले आणि गाडी सरकारी दवाखान्याकडे गेली. मी तात्यांच्या मांडीवर तसाच राहिलो होतो. तशा रात्रीही मला परत आणून कोनाड्यात ठेवायला ते विसरले नाहीत; मगच ते मोटारसायकलवरून दवाखान्याकडे निघाले.

मनकर्णाबाई वाचली. दवाखान्यातून ती थेट आमच्या घरीच आली आणि माझ्या कोनाड्याजवळ लाइबाला कुशीत घेऊन बसली. समोर दोन्ही पुरुष अपराध्यासारखे उभे होते. तिने दोघांवरून नजर फिरवली.

“झाडाला दोघांनी मिळून जपलं,” ती म्हणाली. “आता माणसाला बी जपता का दोघं मिळून?”

“पर पाचट काढू कुठं?” तात्या म्हणाले. “ठेवलं तर उंदरं होतेत. कोंब दबतेत. आन् काढायला हात कुठनं आणू?”

“त्याच्या झाडाखाली घाला की!” तिने हाताने खिडकीबाहेर दाखवले. “उन्हाळ्यात त्याची बुडं तापतेत मनून रडतो ना हा? घाला पांघरूण. तुमचं रान मोकळं, त्याची झाडं गार, आन् माझी छाती मला वापस.”

लाइबाने तेवढ्यात माझे झाकण उघडले होते. तिने चकती काढून तात्यांच्या तळहातावर ठेवली. कोळशासारखी काळी.

“तात्या, हे घुर्रूनं ओढलं. बाकीचं आम्ही.”

तात्या ती चकती बोटांनी दाबत राहिले. काजळी त्यांच्या बोटांना लागली. ती त्यांनी पुसली नाही.

या हिवाळ्यात ऊस तुटला, तेव्हा खिडकीतून मी एक नवी गोष्ट पाहिली. सकाळच्या उन्हात माणसे रानात उतरली होती. मी त्यांना चेहऱ्यांवरून ओळखले नाही, खोकल्यावरून ओळखले. खुंटाळ्यावर ज्यांच्या पिशव्या आहेत त्या घरांतली ती माणसे होती. पाचटाचे भारे बांधावरून बागेत जात होते आणि मोसंबीच्या बुडाशी पसरले जात होते. होरपळलेल्या दोन ओळींच्या जागी लावलेल्या रोपांनाही त्यांचा वाटा मिळाला. सुदर्शन सुटी काढून आला होता. तो चटकन दमला, तेव्हा त्याची आई बांधावरून ओरडली, “कंपनीत बसून बसून पार मोसंबी झाली तुझी!” आणि सगळे रान हसले.

तात्या मात्र सवयीने संध्याकाळी बांधावर येऊन बसले. वारा पडला. पाने थांबली. त्यांच्या खिशात आगपेटी नव्हती. मनकर्णाबाईने चहा नेऊन दिला आणि तो त्यांनी गरम असतानाच प्यायला.

सारे बदलले असे मी म्हणणार नाही. दूरच्या रानांत अजूनही नारिंगी रेघा उमटतात. काही रात्री लाइबा पिशवी काढते आणि मी घुरघुरतो. पण परवा जहांआराने झाकण उघडले तेव्हा चकती राखाडी होती, काळी नव्हती. ती तिने उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिली.

आता माझी मोटार थकली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याजवळ येऊन विनवतात की आम्हाला अडगळीत टाकू नका, आमच्यावरची धूळ झटका, आम्हाला विसरू नका. त्यांचे खरे आहे. माझे मागणे मात्र उलटे आहे. तुमच्या रानात, तुमच्या अंगणात, काडी ओढण्याआधी वारा कुठे आहे एवढेच पाहू नका; माणूस कुठे आहे तेही पाहा. आणि मग मला विसरा. खुंटाळ्यावरच्या पिशव्या एकेक करून उतरू द्या, त्यांत भाजी आणा, शाळेचे डबे न्या. माझ्यावर धूळ साचू द्या, जाड, शांत, न पुसलेली. कुणी लहान मूल कधी मला उचलून विचारेल, हे काय आहे? आणि घरातल्या कुणालाच आठवणार नाही.

त्या दिवसाची मी वाट पाहतो आहे. खिडकीबाहेर, या क्षणी, एकही पान हलत नाही. आणि बाग, रान, आभाळ मला तिन्ही स्वच्छ दिसत आहेत.